एक काना, एक वेलांटी

मला राग लवकर येतो, असं माझी बायको चारचौघांत सांगते. हे साफ खोटं आहे. माझा राग वेळेवर येतो, फक्त जायला उशीर लावतो. तेव्हा पुढची हकीकत मी शांत डोक्याने सांगतोय असा कोणाचा समज होणार असेल, तर तो आत्ताच दूर करतो. मी अजून चिडलेलाच आहे.

मला एक खुंटी हवी होती. भिंतीत ठोकलेली, पँट टांगण्यापुरती. लोक नियम खुंटीला टांगतात, अब्रू खुंटीला टांगतात, कामधंदा खुंटीला टांगून गावभर हिंडतात. त्यांना बऱ्या खुंट्या मिळतात. मला साधी पँट टांगायची होती आणि त्यापायी माझ्यासाठी समिती बसली.

मी नर्सिंग शिकतो. हे वाक्य ऐकल्यावर समोरचा माणूस हटकून विचारतो, "म्हणजे डॉक्टरकीच ना?" मी "नाही, नर्सिंग" म्हणतो. मग तो माझ्या मिशीकडे बघतो, माझ्या बायकोकडे बघतो आणि आवाज खाली आणून "चालायचंच" असं म्हणतो. सासरेबुवा तर माझी ओळख "आमचे जावई मेडिकल लाइनमध्ये असतात" अशी करून देतात आणि पुढचा प्रश्न यायच्या आत विषय हवापाण्यावर नेतात. वर्गात पुरुष मी एकटा. बाई शिकवायला आल्या की "मुलींनो" अशी सुरुवात करतात, मग मी दिसलो की "आणि हो, तूसुद्धा" म्हणतात. जड पेशंट कुशीवर वळवायचा असला, सिलिंडर सरकवायचा असला, एखाद्या भांडकुदळ नातेवाइकाला जिन्यापर्यंत पोहोचवायचं असलं, की मात्र सगळ्या हॉस्पिटलात "ब्रदर कुठाय, ब्रदर कुठाय" असा पुकारा होतो. एरवी ब्रदर कोणाच्या नजरेला पडत नाही.

पहिल्याच आठवड्यात मला छातीवर लावायचा बिल्ला मिळाला. त्यावर लिहिलं होतं, 'विद्यार्थी परिचारिका'. मी तो कारकुनाला परत केला. म्हटलं, "मी परिचारक आहे."

"बिल्ले एकाच साच्यातून येतात," तो म्हणाला. "तुमच्या एकट्यासाठी साचा बनवायचा का?"

घरी येऊन मी दाढीच्या ब्लेडने दुसऱ्या र वरची वेलांटी खरवडली आणि क चा काना खरवडला. आता अक्षरं जरा लांब लांब उभी होती, भांडण झाल्यासारखी, पण व्याकरण शुद्ध होतं. दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंनी मला थांबवलं. मेट्रनबाई म्हणजे सगळ्या परिचारिकांच्या वरच्या. या बाई बोलताना ओठ फारसे हलवत नाहीत, त्यामुळे रागावल्या आहेत की नाही ते शेवटपर्यंत कळत नाही. त्या म्हणाल्या, "बिल्ल्यावर खाडाखोड करणं नियमाविरुद्ध आहे." मला लेखी समज मिळाली आणि नवीन बिल्ला मिळाला. त्यावरही परिचारिकाच. तो मी खिशाच्या झाकणाखाली अशा बेताने टाचला, की वरून फक्त 'विद्यार्थी' एवढंच दिसावं.

आता खुंटीकडे येतो. हॉस्पिटलचा एक नियम असा, की गणवेश घालून बाहेरून यायचं नाही, जंतू येतात. दुसरा नियम असा, की गणवेशाशिवाय वॉर्डात पाऊल टाकायचं नाही, शिस्त जाते. म्हणजे फाटक आणि वॉर्ड यांच्या मध्ये कुठेतरी माणसाने कपडे बदलायला हवेत. मुलींना त्यासाठी खोली होती. तळमजल्याच्या बोळाच्या टोकाला, बंद दाराची. मी ती लांबूनच बघायचो आणि आत आरसे, कपाटं, पंखे, बसायला बाकं असं काय काय असेल याची कल्पना करून मनातल्या मनात जळायचो. मला काय होतं? मला फाटक होतं आणि वॉर्ड होता.

पहिल्यांदा मी डॉक्टरांच्या खोलीत शिरलो. पुरुषांची खोली, मीही पुरुष, एवढा सरळ हिशोब. एक तरुण डॉक्टर खुर्चीवर पाय टाकून बसले होते. त्यांचा काळा चष्मा छपराखालीसुद्धा कपाळावर असतो, म्हणून त्यांना आम्ही गॉगल म्हणतो. मी शर्टाची दोन बटणं काढेपर्यंत त्यांनी बघून घेतलं. मग म्हणाले, "ही डॉक्टरांची खोली आहे. बाहेर पाटी आहे. वाचता येत नाही का?"

मी बटणं लावून बाहेर आलो. उत्तर मला जिन्यावर सुचलं. माझी चांगली उत्तरं मला नेहमी जिन्यावरच सुचतात.

मग सुरू झाली माझी भटकंती. पेशंटच्या नातेवाइकांसाठीच्या संडासात बदलायला गेलो तर खाली पाणी. एक पाय उचलून पँट काढताना दुसऱ्या पायाने मी असा काही नाच केला, की बाहेर उभ्या असलेल्या गृहस्थांनी दारावर टकटक करून "बरं आहे ना तुम्हाला?" असं विचारलं. ऑक्सिजनच्या सिलिंडरांच्या खोलीत गेलो, तर मी नुसत्या गणवेशाच्या पायजम्यावर असताना सिलिंडरवाला आला आणि "बरं झालं भेटलात" म्हणून त्याने तशाच अवस्थेत माझ्याकडून चार सिलिंडर हलवून घेतले. शेवटी मला एक्स-रे विभागात पडद्यामागची जागा सापडली. पेशंट तिथे कपडे काढतात. जागा कोरडी, पडदा जाड. मी गणवेशाचा शर्ट अंगात घातला होता, बटणं लावायची होती, तेवढ्यात टेक्निशियनने पडदा ओढला, माझ्या खांद्याला धरून मला यंत्रासमोर उभं केलं आणि म्हणाला, "हनुवटी वर. श्वास रोखा."

मी श्वास रोखला. हे मला अजून समजत नाही. पण हॉस्पिटलात कोणी आज्ञा केली की माझं शरीर आधी ऐकतं, मी नंतर. छातीचा फोटो निघाला. त्यात फुप्फुसं स्वच्छ होती आणि डाव्या बाजूला बिल्ल्याची सेफ्टी पिन उघडीवाघडी दिसत होती. टेक्निशियन मला म्हणाला, "तुम्ही पेशंट नाही, हे आधी सांगायचं ना." त्या दिवशी मी वॉर्डात उशिरा पोहोचलो आणि इनचार्ज सिस्टरांनी माझी गैरहजेरी मांडली.

इनचार्ज सिस्टर म्हणजे आमच्या वॉर्डाच्या मालकीणबाई. आवाज असा, की बेशुद्ध पेशंटही सरळ झोपतो. गैरहजेरी वाढत चालली होती. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही आणि परीक्षा गेली की वर्ष गेलं. घरी बायकोने हे शांतपणे ऐकून घेतलं होतं. ती बँकेतून आल्यावर पायांना तेल चोळत बसते, तशीच बसली होती. म्हणाली, "तुला जमेल आणखी एक वर्ष. मला नाही जमणार." ती ओरडली असती तर मी उलट ओरडलो असतो. ती तेल चोळत राहिली, म्हणून मी तेलाची वाटी तिच्याजवळ सरकवली.

म्हणून मी इनचार्ज सिस्टरांना सांगायला गेलो. म्हटलं, "सिस्टर, तुम्हा सगळ्यांना खोली आहे. मला निदान एक खुंटी तरी द्या."

"खोली?" त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या. चष्मा नाकावरून घसरेपर्यंत हसल्या. शेजारच्या सिस्टरला म्हणाल्या, "ऐकलंस का, आपल्याला खोली आहे." मग दोघी हसल्या. माझा स्वाभिमान आधीच पायजम्यावर सिलिंडर वाहून आला होता. तो या हसण्याने पार भुईसपाट झाला. मी ठरवलं, आता गप्प बसायचं नाही.

आमच्या शेजारी एक काका राहतात. उभी हयात सरकारी बांधकाम खात्यात गेली. निवृत्त झाल्यापासून कोणाच्याही घरात टेबल हललं तरी ते सल्ला द्यायला येतात. त्यांनी माझं म्हणणं ऐकलं आणि डोळे मिटून घेतले.

"तोंडी बोललास?"

"हो."

"गाढवपणा केलास. तोंडी मागितली तर खुंटी मिळत नाही. लेखी मागावं, आणि खुंटी मागूच नये. खोली मागावी. मग ते घासाघीस करून खुंटीवर येतात."

अर्ज काकांनीच लिहिला. मी फक्त सही केली. 'खुंटी' हा शब्द त्यात कुठेच नव्हता. 'पुरुषवर्गाची होणारी कुचंबणा' होती, 'प्रतिष्ठेस बाधा' होती, 'समान संधीच्या तत्त्वास हरताळ' होता. शेवटी काकांनी "प्रत माहितीसाठी" असं लिहून अशा तीन कचेऱ्यांची नावं टाकली, की त्यातल्या दोन आहेत की नाहीत याचीच मला शंका आहे. काका म्हणाले, "घाबरतात."

खरोखरच घाबरले. काकांचा हिशोब एवढाच चुकला, की कोणी घासाघीसच केली नाही. दोन आठवड्यांत अधीक्षकांनी, म्हणजे हॉस्पिटलच्या सर्वांत मोठ्या साहेबांनी, समिती नेमली आणि पुढच्या आठवड्यात समिती पाहणीला निघाली. अर्जदार म्हणून मीही सोबत. अधीक्षक पुढे, मेट्रनबाई त्यांच्या मागे, कारकून मेट्रनबाईंच्या मागे आणि शेवटी मी. आम्ही कोठारं बघितली, जिन्याखालची जागा बघितली आणि मग बोळाच्या टोकाला, त्या बंद दाराशी आलो. मेट्रनबाईंनी दार ढकललं. ते नुसतं ढकलून उघडलं, कारण त्याला कडीच नव्हती. कडीच्या जागी बँडेजची पट्टी बांधलेली होती. आत एक मुलगी ती पट्टी हाताला गुंडाळून दार ओढून उभी राहायची आणि बाकीच्या बदलायच्या. मग तिची पाळी आली की दुसरी उभी राहायची.

आत आरसा नव्हता. पंखा नव्हता. बाक नव्हतं. साऱ्या वॉर्डांच्या सिस्टर, साऱ्या विद्यार्थिनी, आणि भिंतीला एक खुंटी. तिच्यावर पिशव्यांवर पिशव्या अशा लटकल्या होत्या, की खुंटी कुठे आहे ते अंदाजानेच समजायचं. खिडकीची काच फुटली होती आणि बोळातून कोणी बघू नये म्हणून त्या जागी एक एक्स-रेची फिल्म चिकटवली होती. मी ती फिल्म ओळखली. डाव्या बाजूला सेफ्टी पिन होती. इतके दिवस माझ्याच बरगड्या त्यांची लाज राखत होत्या आणि मी मनात त्यांना आरसे-कपाटं देऊन जळत होतो.

मला वाटलं, आता साहेबांना लाज वाटेल. साहेबांनी खोलीच्या चारी भिंतींकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही खोली तर वापरातच दिसत नाही. पुरुष परिचारकांना देऊन टाका."

"साहेब, मला फक्त खुंटी..." मी म्हणालो.

"संकोच करू नका," साहेब म्हणाले.

"यांच्यासाठी काय?" मेट्रनबाईंनी विचारलं. ओठ हलले नाहीत.

"त्या सगळ्या बायकाच तर आहेत. वॉर्डात पडदा लावून घेतील."

पुढचा सगळा प्रकार इतक्या झपाट्याने झाला, की सरकारी काम आणि सहा महिने थांब ही म्हण आमच्या हॉस्पिटलपुरती खोटी ठरली. खोलीला रंग लागला. दाराला कडी आली, तीही पितळी. खिडकीला नवी काच बसली, पंखा बसला, आरसा लागला. भिंतीवर ओळीने चकचकीत खुंट्या बसल्या आणि त्या सगळ्या माझ्या एकट्याच्या. दारावर पाटी लागली: 'परिचारक कक्ष'. व्याकरण एकदम शुद्ध. मी पहिल्या दिवशी आत गेलो, कडी लावली, एका खुंटीला पँट टांगली आणि बाकीच्या रिकाम्या खुंट्यांकडे बघत उभा राहिलो. मला इतका राग आला होता की बटणं लागेनात.

संध्याकाळी काका घरी पेढे मागायला आले. मी दार उघडलं नाही.

वॉर्डात कोणी मला काही बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळ्या मला एकदम "साहेब" म्हणायला लागल्या. "साहेब, सहा नंबरचं बेडपॅन." "साहेब, जरा सरका." पडद्याआड त्या पाळीपाळीने बदलायच्या. पडदा लांबीला अपुरा होता, म्हणून दोघी जणी चादर धरून उभ्या राहायच्या, आणि पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडायचा. हजेरी माझी आता पूर्ण भरत होती. एक दिवस मी औषधांचं ताट पुसत होतो, तेव्हा इनचार्ज सिस्टर माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"परीक्षेची काळजी करू नको," त्या म्हणाल्या. "तुझा हात चांगला आहे. मी तुला पाडणार नाही. पण माझ्याशी कामाशिवाय बोलू नको."

"सिस्टर, मी खुंटीच मागितली होती."

"माहीत आहे. आम्ही कडी मागितली होती. मी इथे लागले तेव्हापासून मागतेय."

त्या रागावून बोलल्या असत्या तर मी माझी बाजू मांडली असती. माझी बाजू तयार होती. पण त्या नुसत्या दमलेल्या होत्या, आणि दमलेल्या माणसासमोर बाजू मांडून उपयोग नसतो हे मला घरी समजलेलं होतं. घरी गेल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. म्हणाली, "मग आता?" मी म्हणालो, "खोली परत केली तर मी पुन्हा फाटक आणि वॉर्ड यांच्या मध्ये. गैरहजेरी, परीक्षा, वर्ष." ती म्हणाली, "ते मला ठाऊक आहे. मी विचारलं, मग आता?" माझ्या बायकोचं हे असं असतं. ती सल्ला देत नाही, प्रश्न परत करते.

मी काकांच्या पद्धतीने विचार केला. नवा अर्ज दिला, तर नवी समिती. समिती आली तर ती खोली बहुतेक गॉगल डॉक्टरांना मिळेल. तेव्हा दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळे जेवणाच्या सुट्टीत बोळात असताना, मी ड्रेसिंगच्या ट्रेमधली जखमेला लावायच्या जांभळ्या औषधाची बाटली घेतली, काडीला कापूस गुंडाळला, आणि स्टुलावर चढून पाटीवरच्या र ला वेलांटी दिली आणि क ला काना दिला. 'परिचारिका कक्ष'. वेलांटीचा ओघळ थोडा खाली आला. पण हे औषध एकदा लागलं की घासून निघत नाही, हे आम्हाला पहिल्या महिन्यातच शिकवलं होतं. डागाळलेल्या चादरी दाखवून.

तासाभरात मला अधीक्षकांच्या खोलीत बोलावलं. मेट्रनबाई भिंतीशी उभ्या होत्या.

"हा काय प्रकार आहे?" साहेब म्हणाले. "हॉस्पिटलच्या पाटीवर खाडाखोड? तुम्हाला आधीही समज दिलेली आहे. परीक्षेला बसायचंय ना?"

त्या दिवशी मात्र उत्तर जिन्यावर थांबलं नाही. म्हटलं, "खाडाखोड कुठे आहे, साहेब? एक अक्षर खोडलं असेल तर दाखवा. मी भर घातली आहे."

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने नियमांची पुस्तिका चाळली. खोडण्याबद्दल, फाडण्याबद्दल, गहाळ करण्याबद्दल नियम होते. वेलांटी वाढवण्याबद्दल काही नव्हतं.

"मग पुरुष परिचारकांनी बदलायचं कुठे?"

"एकटाच आहे मी. त्यांचं झालं की मी. आता कडी आहे. आत असलं की लावायची, बाहेर पडलं की काढायची. एवढ्यासाठी समिती लागत नाही." आणि मग मला आवरेना. "या बायका इतकी वर्षं काय मागत होत्या, साहेब? आरसा नाही, पंखा नाही, नुसती कडी मागत होत्या. त्यांना बँडेजची पट्टी मिळाली. आणि मी एक अर्ज टाकला तर पितळी कडी?"

"पण मला कोणी सांगितलंच नाही," साहेब म्हणाले. "मेट्रन, तुम्ही तरी बोलायचं."

"बोलले की," मेट्रनबाई म्हणाल्या. "मी विद्यार्थिनी होते तेव्हा पहिला अर्ज मीच दिला होता. तेवढा एक दोष होता त्यात. देणारा पुरुष नव्हता."

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. तो फिरून थांबेपर्यंत आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. मग ते "बघू" म्हणाले. सरकारी भाषेत याचा अर्थ कोणीही काहीही बघणार नाही असा होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द ऐकून मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने सिलिंडरांच्या खोलीकडे वळलो होतो. बोळातून इनचार्ज सिस्टरांचा आवाज आला. "ए, तिकडे कुठे? आमचं झालंय. कडेची खुंटी तुझी. आणि पँट नीट घडी घालून टांग, आम्हाला तुझे पाय बघायचे नाहीत."

कडेची खुंटी रिकामी होती. बाकी सगळ्यांवर पिशव्यांवर पिशव्या. मी कडी लावली, कपडे बदलले, वेळेत बदलले, आणि कडी काढून बाहेर आलो. दारात गॉगल डॉक्टर उभे होते, हातात बॅग. त्यांच्या खोलीत रंगकाम चाललं होतं आणि चांगल्या आरशाच्या खोलीची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली असावी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझी मिशी पाहिली, मग पाटीकडे बोट केलं.

"बायकांच्या खोलीतून बाहेर येताय? वाचता येत नाही का?"

मी खिशाचं झाकण आत दुमडलं. बिल्ला पूर्ण दिसू लागला.

"येतं ना," मी म्हणालो. "मी परिचारिका आहे. तुमचं काय काम होतं?"